भरिताच्या हंगामात, घर सोबत घेऊन

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. तिथे बहुतेकांचा चहा होतो, भूक असेल तर ढाब्यावर शेवभाजी होते आणि गाडी पुढे लागते. एवढाच खान्देश पाहिलेली माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. नोकरीच्या काळात ते समजण्यासारखंच आहे. पण निवृत्तीनंतर मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेऊन, किंवा स्वतःची व्हॅन बांधून निघालेल्या दोघांनी हा प्रांत असा ओलांडून जाऊ नये.

इथलं उत्तम जेवण हॉटेलात क्वचितच मिळतं. ते शेतात शिजतं, काटक्यांच्या जाळावर शिजतं आणि वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच शिजतं. भरिताची वांगी अंधार पडल्यावर भाजायला घेतात. पानं वाढेपर्यंत नऊ वाजतात. एवढं जेवून अनोळखी रस्त्यानं, ऊस आणि कापूस भरलेल्या बिनदिव्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चुकवत तीस-चाळीस किलोमीटरवरचं लॉज गाठणं साठीनंतर धोक्याचं आहे. अंथरूण पाच पावलांवर असेल तर प्रश्नच मिटतो. खान्देशात मोटरहोमचा खरा उपयोग हा आहे. म्हणून इथला मार्ग ठरवताना आधी हंगाम पाहावा, मग गाव, आणि प्रेक्षणीय स्थळ सगळ्यात शेवटी.

खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे. इंग्रजांनी 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि धुळ्यातून 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार वेगळा निघाला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. या सखल काळ्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. तेव्हा पत्र्याच्या गाडीत दुपार काढवत नाही. पावसाळ्यात चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. उरतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, आणि खाण्याचाही नेमका हाच काळ आहे. हिरवी वांगी, कांद्याची पात, तुरीच्या ओल्या शेंगा, नंदुरबारची ओली लाल मिरची, आणि जानेवारी संपता संपता दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, हुरडा. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे एसीची गरज नाही, जाड दुलईची आहे.

गाडी सहा मीटरच्या आतली घ्यावी. त्याहून लांब गाडी गावातल्या बोळात वळत नाही आणि केळीच्या बागांमधल्या शिवरस्त्यावर समोरून ट्रक आला तर मागे घेणं जिवावर येतं. लांबीपेक्षा उंचीचा विचार जास्त करावा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात रेल्वेखालून जाणारे रस्ते बरेच आहेत आणि त्यांच्या तोंडाशी उंची अडवणारा लोखंडी आडवा बार असतो. कंपनीच्या कागदावरची उंची उपयोगाची नाही. छतावरचं सोलर पॅनेल, व्हेंट, एसी यांच्यासकट टेप लावून मोजावी आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवावा. खेड्यांत विजेच्या आणि केबलच्या लोंबत्या तारा असतात. अशा ठिकाणी एकानं उतरून पुढे चालावं, दुसऱ्यानं गाडी आणावी. भाड्याच्या मोटरहोमबरोबर बहुधा चालक येतो. तो झोपणार कुठे, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. स्वतःची व्हॅन बांधून घेतली असेल तर आसनं काढण्यापासूनचा सगळा बदल आरटीओकडून मंजूर करून आरसीवर नोंदवावा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

गॅससाठी पाच किलोचा सिलिंडर पुरे. चहा, नाश्ता आणि एक वेळचा साधा स्वयंपाक धरला तर दोघांना पंधरा दिवस आरामात जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि गॅसचा अलार्म घोट्याच्या उंचीवर हवा. पुष्कळ गाड्यांत तो छताला बसवलेला दिसतो. तिथे त्याचा काही उपयोग नाही.

विजेचं गणित हिवाळ्यात सोपं असतं. 12 व्होल्टची, 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट. लहान कॉम्प्रेसरचा फ्रीज दिवसाला अर्धं युनिट घेतो. दिवे, पंप, मोबाइल आणि दुपारचा पंखा मिळून आणखी अर्धं. छतावर 300 वॅटचं पॅनेल असेल तर डिसेंबरच्या उन्हात तेही दिवसाला एक युनिटच्या आसपास देतं. म्हणजे प्लग न लावता तीन-चार दिवस सहज निघतात. अडचण सावलीची. निंबाखाली गाडी लावली की पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी सबंध पॅनेलचं उत्पादन कोसळतं, कारण आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. हिवाळ्यात गाडी बिनदिक्कत उन्हात लावावी, स्वतः निंबाखाली बसावं. कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ आणि तंतू फार उडतात. पॅनेल रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसावं. शेतातल्या मोटारीच्या पेटीतून वीज कधीही घेऊ नये. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिचा दाब इतका वरखाली होतो की चार्जर जळतो.

पाण्याचा खर्च दोघांना, काटकसरीनं, दिवसाला तीस-पस्तीस लिटर. शंभर लिटरची टाकी तीन दिवस पुरते. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. किटलीत आणि नळाच्या जाळीत पांढरा थर धरतो. ते पाणी अंघोळीला-भांड्यांना वापरावं आणि पिण्यासाठी वीस लिटरचा जार वेगळा ठेवावा. पंधरा मीटरचा स्वतःचा पाइप आणि कोणत्याही नळाला बसेल असा क्लॅम्प सोबत हवाच. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे बाहेर काढून रिकामी करायच्या शौचालयाची, टाकी अठरा-वीस लिटरची असते, दोघांना दोन दिवस जाते. ती सार्वजनिक शौचालयात किंवा विचारून पेट्रोल पंपाच्या शौचालयात रिकामी करावी. रासायनिक निळं औषध न घालता जैविक पावडर वापरावी, कारण खेड्यातल्या शोषखड्ड्यातले मैला कुजवणारे जंतू त्या निळ्या औषधानं मरतात. भांड्यांचं सांडपाणीही शेताच्या पाटात सोडायचं नाही. वरण-बट्टीच्या जेवणातलं तूप सकाळच्या थंडीत पाइपात थिजतं आणि सिंक तुंबतं. ताटं आधी कागदानं पुसून घेतली तर हा त्रास होत नाही.

आता मुक्काम. पेट्रोल पंप, मोठे ढाबे, देवस्थानांची भक्तनिवासं ही नेहमीची ठिकाणं. पण ज्यासाठी हा खटाटोप करायचा ते शेत. परवानगी मालकाची घ्यावी, सालदाराची, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, नाही, आणि सोबत एक प्रश्न विचारावाच: "दादा, आज रात्री पाणी सोडणार का?" शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असेल तर दोन वाजता पाट सुटतो आणि सकाळी गाडी चिखलात उभी असते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि निसरडी होते. वरून कोरडी दिसली तरी खाली लोण्यासारखी मऊ असते. शक्यतो खळ्याच्या चोपलेल्या जमिनीवर किंवा मुरमाच्या रस्त्याकडेला थांबावं, तोंड बाहेर जाण्याच्या दिशेनं ठेवावं. रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवू नये, त्यानं खड्डा खोल होतो. चाकातली हवा 25 पीएसआयपर्यंत उतरवावी, पुढची माती फावड्यानं मोकळी करावी, गोणपाट अंथरावं आणि पहिल्या गिअरमध्ये हळू काढावं. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी, त्यासाठी 12 व्होल्टचा पंप जवळ हवा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चाकाखाली घालायचा सल्ला गावात हमखास मिळेल. कापलेल्या पऱ्हाटीचं टोक टायरच्या बाजूत शिरतं, म्हणून गोणपाटच बरं.

प्रवासाला सुरुवात चाळीसगावपासून करावी. नाशिक-पुण्याकडून मालेगावमार्गे यावं. कन्नडचा औट्रम घाट अरुंद आहे आणि तिथे वाहतूक वारंवार तुंबते. चाळीसगावहून अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. गौताळ्याच्या डोंगरकुशीत चंडिकेचं काळ्या दगडाचं देऊळ आहे, पण इथली मोलाची गोष्ट म्हणजे पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याची ही नोंद, इ.स. 1207 ची. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. परिसर अभयारण्याचा आहे, म्हणून रात्री तिथे गाडी लावायची नाही. संध्याकाळपूर्वी चाळीसगावला परतावं. दुसऱ्या दिवशी सकाळी केकी मूस (1912-1989) यांचं घर पाहावं. आयुष्याची कितीतरी दशकं त्या घराबाहेर जवळजवळ न पडता या माणसानं छायाचित्रं, चित्रं, शिल्पं केली. घाई करू नये, तिथे दोन तास जातात.

जळगावच्या वाटेवर एरंडोलजवळचं पद्मालय येतं. एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती, समोर कमळांचं तळं. अमळनेरला वळायचं असेल तर मंगळवार टाळावा, मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत मोठी गाडी अडकते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेवढ्यासाठीही काही जण वाट वाकडी करतात. जळगावात जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ अर्धा दिवस देण्याजोगं आहे आणि तिथे गाडी लावायलाही ऐसपैस जागा आहे. शहरालगतच आसोदा, बहिणाबाई चौधरींचं (1880-1951) माहेर.

आसोद्यापासून पुढे भुसावळ, यावल, बामणोद, फैजपूर हा भरिताचा मुलूख सुरू होतो.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवं, लांबोडकं, गर दाट आणि बिया कमी. घेताना देठ हिरवा आणि काटेरी पाहावा, साल ताणलेली असावी, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे; जड वांग्यात बिया जास्त. मोठ्या वांग्यात बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करतात. तिथून पुढचे दोन महिने इथे शेताशेतात भरिताच्या पंगती उठतात.

चौघांना दोन-अडीच किलो वांगी धरावीत. भाजण्याआधी सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचावीत, नाहीतर वाफ कोंडून ती फुटतात आणि गर जाळात सांडतो. भाजायला तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, किंवा पऱ्हाट्या. आमचं मत तुऱ्हाट्यांच्या बाजूनं आहे: कपाशीवर फवारण्या अधिक होतात, आणि तुरीची काडी झटकन पेटून मोठी, स्वच्छ ज्योत देते. वांगी थेट ज्योतीत टाकून दहा ते पंधरा मिनिटं फिरवत राहायचं. साल कोळशासारखी काळी झाली की वांगं झालं असं समजतात, ते चूक आहे. देठाजवळचा भाग दाबून पाहावा, तो शेवटी शिजतो. इथे गॅसवरच्या भाजण्याचं बिनसतं. गॅसची लहान आच एकाच जागी लागते, साल करपते, आतलं पाणी उडत नाही आणि गर उकडल्यासारखा होतो. काडीच्या जाळात पाणीही आटतं आणि धूरही गरात मुरतो.

भाजलेली वांगी झाकून ठेवू नयेत, सुटलेलं पाणी कडवट लागतं. गरम असतानाच साल काढायची, हात गार पाण्यात बुडवत, पण वांगं धुवायचं नाही. मग लांबट लाकडी बडगीत लाकडी मुसळीनं ठेचायचं. मिक्सरमध्ये बिया फुटून कडूपणा येतो आणि गराचा चिकट लगदा होतो. दोन किलो वांग्यांना पंधरा-वीस हिरव्या मिरच्या जाळावरच भाजून, दोन गड्डे लसूण आणि मीठ घालून त्याच बडगीत ठेचायच्या. पाव किलो शेंगदाणा तेल ऐकायला फार वाटतं, पण पंगतीच्या भरिताला तेवढं लागतं. घरच्यासाठी निम्मं चालेल. तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळायचे, ठेचा परतायचा, वांगं घालून पाच मिनिटं हलवायचं. कांद्याची पात, दोन मोठ्या जुड्या, निम्मी फोडणीत आणि निम्मी कच्ची, उतरवल्यावर. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कळणा म्हणजे साधारण चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद घालून मिठासकट दळलेलं पीठ. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकरी नवख्यालाही थापता येते. गिरणीतून दोन किलो दळून घ्यावं, पुढच्या सबंध प्रवासात उपयोगी पडतं. उरलेलं भरीत मात्र फ्रीजमध्ये ठेवू नये. पात दुसऱ्या दिवशी उग्र होते आणि वास फ्रीज सोडत नाही.

शेतमालक पैसे घेत नाही. आग्रह करून त्याला अवघडवू नये. त्याच्याकडूनच निघताना वांगी, तूर, गहू जे असेल ते रास्त भावानं विकत घ्यावं, आणि भाकऱ्या थापायला आलेल्या ताईंच्या हातात त्यांची मजुरी वेगळी द्यावी. हे दुसरं लोक विसरतात.

याच लेवा पाटीदारांच्या पट्ट्यात वरण-बट्टी जेवावी. जाडसर दळलेला गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट गोळे करून वीस-पंचवीस मिनिटं उकडायचे, कापायचे आणि तळायचे. शेतात गोवरीवर भाजलेली बट्टी अधिक खमंग लागते. बरोबर तुरीचं घट्ट वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. हे जेवण दुपारीच घ्यावं. रात्री झेपत नाही. उकडून न तळलेल्या बट्ट्या गाडीच्या फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात, हा मोठा फायदा.

फैजपूर, सावदा, रावेर म्हणजे केळी. फैजपुरात डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलं होतं. केळीचा घड विकत घेण्याचा मोह आवरावा, दोघांना एक फणी पुरे. पिकती केळी इथिलीन सोडतात आणि बंद गाडीत तेवढ्यानं शेजारची वांगी, पालेभाजी, टोमॅटो भराभर उतरतात. फणी पुढच्या केबिनमध्ये वेगळी टांगावी. वेफर्स समोर तळून देणारी दुकानं या रस्त्यावर आहेत. गरम पिशवीत भरून लगेच तोंड बांधलं तर ते मऊ पडतात, म्हणून अर्धा तास उघडे ठेवून मग डब्यात भरावेत.

मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे; हे योगी चांगदेव, पाटणचे नव्हेत. दुपारच्या उन्हात त्याच्या बाहेरच्या भिंतीवरचं काम डोळ्यांना नीट दिसत नाही. सकाळी आठ-नऊला तिरपं ऊन पडतं तेव्हा बारकावे उठून येतात. हतनूर धरणाचं पाणी जवळच आहे आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. ज्यांना दुर्बिणीचा नाद आहे त्यांनी एक पहाट तिथे ठेवावी.

आता बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरायचा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा अशी गावं ओवत हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्यानं पश्चिमेला जातो. डाव्या हाताला तापीचं खोरं, उजव्या हाताला डोंगर. खान्देश पाहायला याहून चांगला रस्ता नाही आणि गाडीच्या अंगाला याहून वाईटही फारसा नाही. खड्ड्यांवर ताशी चाळीसच्या पुढे जाऊ नये. कपाटांच्या कड्या निसटतात, आणि सिंकखालचा जोड ढिला होऊन टाकी गळायला लागते. रोज संध्याकाळी त्या जोडाखाली हात फिरवून ओल पाहावी. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पुष्कळ झाले. अंधार पडण्याआधी चाक थांबलं पाहिजे, हा नियम ऊसतोडीच्या दिवसांत तर कधीच मोडू नये.

अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. गुडघे धरलेल्यांना त्या पाण्यात बरं वाटतं. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर फार वेळ बसू नये आणि उठताना आधाराला धरावं, चक्कर येऊ शकते. शिरपूरहून दक्षिणेला तापीकाठी थाळनेर. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी ही, असीरगड-बऱ्हाणपूरच्या आधीची. त्यांच्या कबरी गावाबाहेर आहेत. त्यांतल्या अष्टकोनी कबरीचं नक्षीकाम पाहण्यासारखं आहे.

शेवभाजी गाडीत करावी ती या टप्प्यात, कारण चोपडा-शिरपूरच्या बाजारात भाजीची जाड, तिखट शेव सुटी मिळते. दोघांना शंभर ग्रॅम. दोन कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं आधी जाळावर काळपट भाजायचं, आणि ते गाडीबाहेर. आत केलं तर गादीला लागलेला वास आठवडाभर जात नाही. त्यात आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, धणे घालून बारीक वाटण. चार मोठे चमचे तेलात वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं, दोन चमचे काळा मसाला, मग अर्धा लिटर उकळतं पाणी. गार पाणी घातलं तर तर्री फुटते, तेल वर येत नाही. रस्सा पातळच ठेवावा, शेव तो पिते. शेव पातेल्यात नाही, ताटात घालायची. बारीक फरसाणी शेव चालत नाही, तिचं पिठलं होतं.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. सात पायऱ्यांचा घाट चढायला मोटरहोम नेऊ नये, शहाद्यात लावून जीप करावी. नेलीच तर उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. सतत ब्रेक दाबला की ब्रेकचं तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पायाखालचं पेडल एकाएकी पोकळ लागतं. वर यशवंत तलाव आणि सीताखाई. रात्री थंडी चांगलीच कडक.

प्रकाशा तापी-गोमाईच्या संगमावर. 1955 मध्ये इथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर सापडले. केदारेश्वराच्या घाटावर बसलेल्या कुणालाही आपण किती जुन्या वस्तीवर बसलो आहोत याची कल्पना नसते. पुढे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. यात्रा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी पोचावं, म्हणजे नदीपासून लांब, उंचावरची जागा मिळते आणि घोडे उतरताना, त्यांना पाणी दाखवताना, चाल दाखवताना जवळून पाहता येतात. ऐन पौर्णिमेला मोठी गाडी पुलाजवळही जात नाही.

नंदुरबारला पोचण्याआधी खिडक्या बंद कराव्यात. शहराभोवतीच्या माळांवर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, एकरच्या एकर लाल. दमा असणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावं आणि इनहेलर खिशात ठेवावा. मिरची घ्यायची तर देठ मोडून पाहावा, कट्कन तुटला पाहिजे, आणि मूठभर हलवली की बिया वाजल्या पाहिजेत. ओलसर मिरची गाडीच्या बंद कप्प्यात चार दिवसांत बुरशी धरते. दोन किलोपेक्षा जास्त घेऊ नये, आणि ती प्लास्टिकमध्ये न बांधता कापडी पिशवीत, झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. शहरात बालहुतात्म्यांचं स्मारक पाहावं. 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांना इथे पोलिसांच्या गोळ्या लागल्या. ती शाळकरी पोरं होती.

नंदुरबारच्या डोंगराळ भागात बाजारच्या दिवशी घरगुती आमचूर, उडीद, तुरीची डाळ मिळते. नवापूरच्या तूरडाळीलाही मानांकन आहे. फोटो काढायचा तर आधी विचारावं, आणि घासाघीस करू नये. पायपीट करून आणलेल्या दोन किलो डाळीवर दहा रुपये वाचवण्यात काहीच हशील नाही.

परतीला दोंडाईचामार्गे धुळे. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही जुन्या कागदपत्रांची आणि हस्तलिखितांची दोन घरं एका दिवसात होतात. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा किल्ला अगदी हायवेलगत आहे; चढ दगडधोंड्यांचा आहे, काठी हवी, आणि दहाच्या आत उतरलेलं बरं.

हिवाळ्यात जमलं नाही आणि मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, खायचेच असतील तर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गाठावी लागेल. ती एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हा वर सांगितलेलं विजेचं गणित लागू पडत नाही. एक टनाचा एसी तासाला एक युनिट खातो, बॅटरी दोन तासांत संपते. त्यासाठी पंधरा अँपिअरचा, चांगलं अर्थिंग असलेला प्लग देणारं ठिकाण आधी ठरवून एकाच जागी चार दिवस राहावं, फिरणं सकाळी नऊच्या आत उरकावं आणि इन्सुलिन असेल तर फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा पाहावं. मांड्याला पालथं खापर, त्याखाली लाकडाचा जाळ आणि दोन्ही हातांवर पोळी झेलत पसरवणारी बाई लागते. वस्त्रगाळ कणीक आदल्या रात्रीपासून तयारी मागते, म्हणून सांगावा एक दिवस आधी द्यावा, किती जणांना ते नेमकं कळवावं, आणि आंब्याचा रस आपण घेऊन जावा.